घरगुती पडद्यांवरील स्टेन्सिल रंगकाम : अमेरिकन मध्यमवर्गीय गृहसजावटीतील स्वस्ताईच्या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास (१८२० ते १९१६)

सारांश

साध्या सुती कापडावर कोरलेल्या साच्यातून रंग भरून घराचे पडदे तयार करणे हा कमी खर्चाच्या गृहसजावटीचा एक सर्वपरिचित मार्ग आहे. या मार्गाला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील स्त्रियांनी आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी कला व हस्तव्यवसाय चळवळीने प्रभावित झालेल्या अमेरिकन गृहिणींनी तो अवलंबिला. दोन्ही काळांत त्याला स्वस्त म्हटले गेले. मात्र दोन्ही काळांतील स्वस्ताईचा अर्थ एक नव्हता. पहिल्या काळात स्टेन्सिल छापील कापडाला पर्याय होती, तर दुसऱ्या काळात ती अभिरुचीसंपन्न हस्तकलेला पर्याय ठरली. दुसऱ्या काळातील स्वस्ताईचा हिशेब गृहिणीचे श्रम वगळूनच जुळत होता, हे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : स्टेन्सिल, पडदे, कला व हस्तव्यवसाय चळवळ, गृहसजावट, मध्यमवर्ग, स्त्रियांचे घरगुती श्रम.

प्रस्तावना

‘स्टेन्सिल’ हा शब्द महाविद्यालयीन वर्तुळाला प्रथम परिचित झाला तो सायक्लोस्टाईल यंत्रामुळे. संगणक व छायाप्रत यंत्रे सर्वत्र पोहोचण्यापूर्वी प्रश्नपत्रिका, परिपत्रके आणि सभांची कार्यवृत्ते मेणकागदाच्या स्टेन्सिलवरूनच काढली जात. कागदावर अक्षरांच्या जागी छिद्रे पाडावयाची आणि त्यांतून शाई खालच्या कोऱ्या कागदावर उतरवावयाची, हे त्यामागील तत्त्व होय. हेच तत्त्व कापडाला लावले की कापडावरील स्टेन्सिल रंगकाम तयार होते. कागदाच्या जागी कापड येते, शाईच्या जागी रंग येतो आणि अक्षरांची जागा पानाफुलांचे नक्षीकाम घेते.

इतिहासलेखनात पडद्यासारख्या वस्तूला क्वचितच स्थान मिळते. राजवाड्यातील गालिचे, मंदिरातील वस्त्रे अथवा व्यापारी कंपन्यांनी निर्यात केलेले कापड यांच्या नोंदी उपलब्ध असतात. सामान्य घराच्या खिडकीवरील पडदा मात्र उन्हाने विटतो, धुण्याने विरतो आणि अखेरीस पोतेरे म्हणून संपतो. त्यामुळे त्याचा इतिहास प्रत्यक्ष वस्तूंपेक्षा गृहसजावटीची नियतकालिके, मार्गदर्शक पुस्तके आणि संग्रहालयांतील मोजके नमुने यांच्या आधारेच उभा करावा लागतो. या साधनांची एक मर्यादा आहे. ती मुख्यतः ‘कसे करावे’ हे सांगतात. ‘कोणी केले आणि त्यासाठी किती वेळ गेला’ हे सहसा सांगत नाहीत. ही मर्यादा केवळ साधनांची नसून ज्या विचारातून ती साधने निर्माण झाली त्या विचाराचीही आहे, असे पुढील विवेचनातून दिसून येईल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कापडावरील स्टेन्सिल रंगकामाचे तंत्र व त्याच्या अंगभूत मर्यादा समजून घेणे.
२. १८२० ते १८४० आणि १९०१ ते १९१६ या दोन कालखंडांतील स्टेन्सिलच्या घरगुती वापराची तुलना करणे.
३. दोन्ही कालखंडांत ‘स्वस्त’ या शब्दाला प्राप्त झालेला अर्थ तपासणे.
४. या स्वस्ताईतील स्त्रीश्रमांच्या स्थानाची चिकित्सा करणे.

स्टेन्सिलचे तंत्र

स्टेन्सिलसाठी जाड, पाणी व तेल न शोषणारा कागद लागतो. पूर्वी साध्या कागदाला जवसाचे तेल, मेण अथवा लाखेचे रोगण लावून तो टणक केला जात असे. त्यावर आकृती रेखून ती धारदार पात्याने कोरली जाते. कापड सपाट फळीवर ताणून टाचण्यांनी पक्के करतात. जास्तीचा रंग शोषला जावा म्हणून त्याखाली टीपकागद ठेवतात. नंतर आखूड, ताठ केसांचा गोल कुंचला अगदी थोड्या रंगात बुडवून, तो पुसून घेऊन, कोरलेल्या जागेवर उभा धरून ठोकत ठोकत रंग भरला जातो. कुंचला ओला राहिला तर रंग साच्याखाली पसरतो आणि आकृतीची कड फुटते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी घरगुती कामात प्रामुख्याने तैलरंग टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून वापरले जात. रंग दाट राहिला तर कापड कडक होते व पडद्याची चूण नीट पडत नाही, हे त्याचे कारण होय.

या तंत्राची मुख्य मर्यादा साच्यातच आहे. बंदिस्त आकार पूर्णपणे कोरला की त्याच्या आतील कागद सुटून पडतो. उदाहरणार्थ, वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ हवे असेल तर आतील चकती बाहेरच्या कागदाला बारीक पट्ट्यांनी जोडून ठेवावी लागते. या जोडपट्ट्यांच्या जागी रंग उतरत नाही. त्यामुळे स्टेन्सिलची आकृती नेहमी तुटक, सुट्या तुकड्यांची बनलेली दिसते. चांगला रचनाकार ही त्रुटी लपवीत नाही. पानाची शीर, पाकळ्यांमधील फट किंवा देठाचा सांधा जेथे स्वाभाविकपणे येतो तेथेच तो जोडपट्टी ठेवतो. साधा, सपाट, छायाप्रकाशविरहित आकार हा स्टेन्सिलचा स्वभाव आहे आणि याच स्वभावामुळे पुढे तिला कलाविचारात महत्त्व प्राप्त झाले.

ठशांच्या छपाईशी तुलना केल्यास स्टेन्सिलचे वेगळेपण स्पष्ट होते. लाकडी ठसा कोरण्यासाठी कुशल कारागीर लागतो, तर कागदी साचा थोड्या सरावाने कोणालाही कोरता येतो. म्हणूनच ठशांची छपाई बहुतांशी कारखान्यांत व व्यावसायिक कारागिरांच्या हाती राहिली आणि स्टेन्सिल घरात शिरू शकली.

न्यू इंग्लंडमधील पहिला कालखंड (१८२० ते १८४०)

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भिंतींवर स्टेन्सिलने नक्षी काढण्याची प्रथा होती. आयात होणारा भिंतीचा कागद महाग असल्याने गावोगाव फिरणारे रंगारी साच्यांचा संच घेऊन शेतकऱ्यांच्या घरी येत आणि भिंती रंगवून देत. मोझेस ईटन (१७५३–१८३३) व त्याच नावाचा त्यांचा मुलगा (१७९६–१८८६) हे या रंगाऱ्यांपैकी सर्वाधिक परिचित होत. भिंतीवरील हे काम मुख्यतः पुरुषांचे होते.

कापडावरील काम मात्र स्त्रियांचे होते. साधारणतः १८२० ते १८४० या काळात पांढऱ्या सुती कापडाच्या पलंगपोसांवर फुलांच्या टोपल्या, वेली, पक्षी व फळे स्टेन्सिलने रंगविली जात. अशा पलंगपोसांचे नमुने अमेरिकन संग्रहालयांत जतन केलेले आहेत. त्याच काळात मुलींच्या खाजगी शाळांत मखमलीवर साच्यांच्या साहाय्याने चित्रे काढण्यास शिकविले जाई. या साच्यांना ‘थिअरम’ असे भूमितीतील नाव होते. सुशिक्षित मुलीच्या अंगी असावयाच्या गुणांमध्ये या कलेची गणना होत असे.

या काळातील स्वस्ताईचा अर्थ सरळ होता. साधे सुती कापड उपलब्ध होते; परंतु आकर्षक छापील कापड ग्रामीण कुटुंबाला सहज परवडणारे नव्हते. स्टेन्सिलमुळे साध्या कापडाला छापील कापडाची शोभा येई. मात्र ही परिस्थिती फार काळ टिकली नाही. थॉमस बेल याने १७८३ मध्ये कोरीव रुळाने कापड छापण्याचे पेटंट घेतले होते. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे १८२० च्या दशकात सूतगिरण्यांबरोबर रुळछपाईही सुरू झाली. यंत्रावरचे छापील कापड जसजसे स्वस्त होत गेले, तसतशी पलंगपोस हाताने रंगविण्याची आर्थिक गरज संपली. शतकाच्या मध्यापर्यंत ही कला मागे पडली. स्टेन्सिलचा पहिला कालखंड यंत्राने संपविला, असे म्हणता येईल.

मॉरिस यांच्यापुढील पेच

यंत्राने छापील कापड स्वस्त केले. परंतु त्याच्या दर्जाविषयी असमाधान वाढत गेले. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन (१८१९–१९००) यांनी यंत्रोत्पादनातील कामगाराच्या अवनतीवर टीका केली. विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) यांनी ती टीका प्रत्यक्ष उद्योगात उतरविली. १८८१ मध्ये त्यांनी लंडनजवळील मर्टन अॅबी येथे कार्यशाळा सुरू केली आणि नीळ व अन्य वनस्पतिजन्य रंगांनी, लाकडी ठशांच्या साहाय्याने कापड छापण्यास प्रारंभ केला. १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे त्यांचे प्रसिद्ध पडद्याचे कापड याच पद्धतीने तयार झाले. निळीत रंगविणे, रंग उडविणे व पुन्हा अन्य रंग चढविणे या क्रमामुळे त्याला अनेक दिवस लागत आणि त्याची किंमतही त्यामानाने चढी असे.

येथे एक पेच निर्माण झाला. मॉरिस समाजवादी होते. कला सर्वांसाठी असावी, असा त्यांचा आग्रह होता. परंतु कारागिराला योग्य मोबदला देऊन हाताने तयार केलेले कापड सामान्यांना परवडणे शक्य नव्हते. त्यांचे ग्राहक प्रामुख्याने धनिक वर्गातील राहिले आणि या विसंगतीची जाणीव त्यांनाही होती. म्हणजेच श्रमांचे पूर्ण मोल दिले तर कलावस्तू महाग होते आणि ती स्वस्त करावयाची तर श्रमांचे मोल कोठेतरी कमी करावे लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन गृहसजावटीने या पेचातून जो मार्ग काढला, त्यात स्टेन्सिलला मध्यवर्ती स्थान होते.

जपानी साचे आणि ग्लासगोचा प्रभाव

हा मार्ग समजून घेण्यासाठी प्रथम जपानकडे वळावे लागते. जपानमध्ये कापडावरील स्टेन्सिल ही व्यावसायिक कला शतकानुशतके विकसित झाली होती. तेथील साच्यांना ‘काटागामी’ म्हणतात. तुतीच्या जातीच्या झाडापासून बनविलेल्या कागदाचे थर पर्सिमन फळाच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवून हे साचे केले जात. ईसे प्रांतातील शिरोको व जिके ही गावे या व्यवसायाची केंद्रे होती. आज ती मिये प्रांतातील सुझुका शहरात मोडतात. जपानी पद्धतीत साच्यातून बहुधा रंग नव्हे, तर तांदळाची खळ कापडावर चढविली जाई. नंतर कापड रंगवून धुतले की खळीखालचा भाग पांढरा राही. साच्यातील नाजूक भाग सुटू नयेत म्हणून दोन कागदांच्या मध्ये रेशमी धागे बसविण्याची युक्तीही तेथे प्रचलित होती.

१८६८ च्या मेजी सत्तांतरानंतर जपानचे पाश्चात्त्य जगाशी व्यापारी संबंध वाढले आणि वापरून झालेले असंख्य साचे युरोप व अमेरिकेत पोहोचले. लंडन, व्हिएन्ना, ड्रेस्डेन येथील संग्रहालयांत त्यांचे मोठे संग्रह तयार झाले. अँड्र्यू ट्यूअर यांनी १८९२ मध्ये लंडन येथे अशा शंभर साच्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. सपाट आकार, रिकाम्या जागेचा वापर आणि निसर्गातील आकृतींचे संक्षिप्तीकरण हे गुण पाश्चात्त्य रचनाकारांनी या साच्यांतून आत्मसात केले.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे या प्रभावाला घरगुती वळण मिळाले. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) व मार्गारेट मॅकडोनाल्ड (१८६४–१९३३) यांनी भिंती व कापडी सजावट यांसाठी स्टेन्सिलचा वापर केला. हेलेन्सबरो येथील ‘हिल हाउस’ (१९०२–०४) या वास्तूच्या भिंतींवरील गुलाबाची नक्षी त्याचे ठळक उदाहरण होय. ग्लासगो कलाशाळेत १८९४ पासून भरतकामाचे वर्ग घेणाऱ्या जेसी न्यूबेरी यांनी साध्या, अल्पमोली कापडावरही उत्तम रचना साधता येते असा विचार मांडला. सुंदर वस्तूसाठी रेशीम अथवा मखमल लागते, ही समजूत या विचाराने दूर केली. रचना हीच मोलाची, कापड कोणतेही चालेल, हे सूत्र अमेरिकेतील पुढील घडामोडींना पोषक ठरले.

‘द क्राफ्ट्समन’ आणि दुसरा कालखंड (१९०१ ते १९१६)

अमेरिकेत या विचाराची भूमी आधीच तयार होत होती. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जपानी वस्तू व इंग्लंडमधील राजकीय भरतकाम शाळेचे काम पाहून कँडेस व्हीलर (१८२७–१९२३) यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क येथे सजावट कलेची संस्था स्थापन केली. स्वतःच्या उपजीविकेसाठी काम करणे भाग पडलेल्या सुशिक्षित स्त्रियांना कलेतून उत्पन्न मिळावे, हा तिचा हेतू होता. व्हीलर यांनी डेनिमसारख्या कामगारांच्या कापडालाही सजावटीत स्थान दिले. दुसरीकडे आर्थर वेस्ली डाऊ (१८५७–१९२२) यांनी १८९९ च्या ‘कॉम्पोझिशन’ या ग्रंथातून व पुढे न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधील अध्यापनातून रेषा, छायाप्रकाशाची मांडणी व रंग यांचा जपानी कलेवर आधारलेला अभ्यासक्रम रूढ केला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांमुळे हा विचार शाळांच्या कलावर्गांपर्यंत पोहोचला.

गुस्ताव्ह स्टिकली (१८५८–१९४२) यांनी ऑक्टोबर १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केले. त्याचा पहिला अंक विल्यम मॉरिस यांना वाहिलेला होता. साधे ओकच्या लाकडाचे फर्निचर, मोकळी बैठक आणि अंगभूत कपाटे असलेली आटोपशीर घरे यांचा या मासिकाने पुरस्कार केला. १९०३ पासून त्यात घरांचे आराखडे प्रसिद्ध होऊ लागले. या घरांपैकी अनेकांना ‘बंगलो’ म्हणत. हा शब्द भारतातील ‘बंगला’ या शब्दावरून इंग्रजांमार्फत तेथे गेला होता, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

स्टेन्सिलचे पडदे या घरांना अनेक कारणांनी अनुरूप ठरले. पहिले कारण वास्तुरचनेतील होते. या घरांत ओळीने बसविलेल्या लहान खिडक्या असत. त्यांना जमिनीपर्यंत लोळणाऱ्या भरजरी पडद्यांऐवजी खिडकीच्या चौकटीपुरते आखूड, सरळ पडदे शोभत आणि एकच आकृती अनेक पडद्यांवर घ्यावी लागे. एका साच्यातून वारंवार तीच आकृती उमटविणे हे तर स्टेन्सिलचे बलस्थान होते. दुसरे कारण आरोग्यविषयक होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधल्यानंतर धूळ साठविणाऱ्या जाड मखमली पडद्यांविषयी साशंकता वाढली आणि धुता येण्याजोग्या हलक्या पडद्यांची शिफारस होऊ लागली. तिसरे कारण सौंदर्यविषयक होते. न धुपवलेले सुती कापड, जाडसर लिनन, तागाचे कापड यांचा मातकट रंग ओकच्या लाकडाशी जुळत असे. त्यावर कडेने हिरव्या अथवा तपकिरी रंगातील पाइनची फळे, झाडे किंवा कमळाच्या कळ्या यांची एक ओळ पुरेशी होई. काही वेळा स्टेन्सिलच्या आकृतीला भरतकामाच्या टाक्यांची जोडही दिली जाई.

‘लेडीज होम जर्नल’सारख्या मोठ्या खपाच्या मासिकांनीही याच सुमारास माफक खर्चाच्या घरांचे आराखडे व सजावटीचे सल्ले प्रसिद्ध केले. तयार कोरलेले साचे, रंग व कुंचले यांचे संच विक्रीस आले. अशा प्रकारे जपानमधील व्यावसायिक कारागिरांची कला ग्लासगोच्या कलाशाळेचे संस्कार घेऊन अमेरिकन गृहिणीच्या स्वयंपाकघरातील टेबलावर येऊन पोहोचली.

स्वस्ताईचा हिशेब आणि न मोजलेले श्रम

या दुसऱ्या कालखंडाकडे बारकाईने पाहिल्यास एक महत्त्वाची बाब लक्षात येते. १८२० मध्ये छापील कापड महाग होते, म्हणून स्टेन्सिल स्वस्त ठरली. १९०५ मध्ये मात्र यंत्रावर छापलेले कापड दुकानादुकानांत अल्प दरात मिळत होते. केवळ नक्षीदार पडदा हवा असता तर गृहिणीला कुंचला हाती घेण्याचे कारण नव्हते. तरीही स्टेन्सिलच्या पडद्यांना स्वस्त म्हटले गेले, कारण तुलनेची वस्तू बदलली होती. आता तुलना बाजारातील छापील कापडाशी नव्हती. ती मॉरिस यांच्या कार्यशाळेतील कापडाशी अथवा व्यावसायिक सजावटकाराकडून करून घेतलेल्या पडद्यांशी होती. स्वस्त झाले ते कापड नव्हे, तर अभिरुची.

ही अभिरुची कोणाच्या श्रमांनी स्वस्त झाली, हा पुढील प्रश्न आहे. उदाहरणादाखल, एका घरातील सहा खिडक्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे बारा पडदे लागतात असे मानू. प्रत्येक पडद्याच्या तळाशी आकृती आठ वेळा घ्यावयाची असल्यास ९६ ठिकाणी साचा ठेवावा लागेल. आकृती दोन रंगांची असेल तर साचा १९२ वेळा ठेवणे, जुळविणे, रंग भरणे व अलगद उचलणे भाग पडेल. याखेरीज साचा कोरणे, कापड मापून फाडणे, दुमड शिवणे, प्रत्येक टप्प्यानंतर रंग वाळू देणे आणि साचा वारंवार पुसणे ही कामे वेगळीच. कामाला प्रत्यक्षात अनेक दिवस लागणार हे उघड आहे. गृहसजावटीच्या हिशेबात मात्र कापडाचे गज, रंगाच्या नळ्या व कुंचला यांचीच किंमत धरली जाई. गृहिणीचे दिवस त्यात शून्य किमतीने येत.

मॉरिस यांच्यापुढील पेच याच जागी सुटला. श्रमांना मोल देऊन कलावस्तू स्वस्त करता येत नव्हती. श्रमांना मोलच नसलेल्या ठिकाणी, म्हणजे घरात, ती नेली की ती आपोआप स्वस्त होत होती. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात घरगुती यंत्रांमुळे गृहिणीचे काम अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाही, असे प्रतिपादन केले आहे. यंत्रांबरोबर स्वच्छतेच्या व गृहव्यवस्थेच्या अपेक्षाही वाढल्या, हे त्याचे एक कारण होय. गृहसजावटीच्या बाबतीतही याच्याशी मिळताजुळता प्रवास दिसतो. पूर्वी घर नीटनेटके असणे पुरेसे होते. आता ते कलात्मक असणेही गृहिणीच्या जबाबदारीत समाविष्ट झाले.

तथापि, या प्रक्रियेकडे केवळ शोषण म्हणून पाहणे एकांगी ठरेल. रंग व आकार निवडण्याचा अधिकार, हाताने काही निर्माण केल्याचे समाधान, कलाशिक्षणाची मिळालेली संधी या गोष्टी स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. काहींनी यातूनच वर्ग चालविले, मागणीनुसार कामे केली व अर्थार्जन केले. येथे एक फरक लक्षणीय आहे. पैशासाठी स्टेन्सिल करणारी स्त्री आपले तास मोजत होती, तर स्वतःच्या घरासाठी तेच काम करणारी स्त्री ते मोजत नव्हती. काम एकच, साचा एकच. केवळ पडदा कोणाच्या खिडकीवर लागणार यावरून श्रमाला किंमत प्राप्त होत होती अथवा नाकारली जात होती.

चळवळीची अखेर व स्टेन्सिलचे पुनरागमन

स्टिकली यांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्क शहरात बारा मजली इमारतीत आपला उद्योग नेला. हा विस्तार पेलला नाही आणि १९१५ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. डिसेंबर १९१६ च्या अंकानंतर ‘द क्राफ्ट्समन’ बंद पडले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन मध्यमवर्गाची अभिरुची वसाहतकालीन शैलीकडे झुकली आणि मातकट लिननवरील पाइनची फळे जुनाट वाटू लागली.

गमतीचा भाग असा की, याच वसाहतकालीन ओढीमुळे न्यू इंग्लंडमधील विस्मृत स्टेन्सिल काम पुन्हा प्रकाशात आले. जॅनेट वेअरिंग यांनी १९३७ मध्ये जुन्या घरांच्या भिंती व फर्निचरवरील स्टेन्सिलचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. एके काळी परवडत नाही म्हणून पत्करलेला पर्याय आता जतन करण्याजोगा वारसा ठरला. दरम्यान स्टेन्सिलचेच तत्त्व जाळीच्या चौकटीवर बसवून विकसित झालेली स्क्रीन छपाई कापड उद्योगात रूढ झाली. ज्या यंत्रोत्पादनाला पर्याय म्हणून साचा हाती घेतला गेला होता, त्याच्यातच साचा सामावला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग आले. ते लवकर वाळतात आणि कापडासाठीचे असे अनेक रंग उलट्या बाजूने इस्त्री फिरविली की पक्के होतात. टर्पेन्टाइनचा वास व दीर्घकाळ वाळवण यांतून गृहिणीची सुटका झाली. तथापि, आज तयार पडदे इतक्या कमी किमतीत उपलब्ध असतात की कापड, रंग व कुंचला यांचा एकत्रित खर्च कित्येकदा त्यांच्यापेक्षा अधिक होतो. तरीही हा मार्ग ‘कमी खर्चाचा’ म्हणूनच सुचविला जातो. शब्द टिकून राहिला, त्यामागील अर्थ मात्र पुन्हा एकदा बदलला आहे.

मराठी घरांच्या संदर्भात

अमेरिकन अनुभव जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. भारतात ठशांनी कापड छापण्याची समृद्ध व्यावसायिक परंपरा असल्याने नक्षीदार कापडासाठी सामान्य कुटुंबाला स्वतः रंगकाम करण्याची गरज भासली नाही. मराठी घरांत छिद्रांचा साचा दिसतो तो मुख्यतः अंगणात, रांगोळीच्या छापाच्या रूपाने. पडद्यांची काटकसर येथे वेगळ्या मार्गाने झाली. जुन्या सुती साडीचे काठ कायम ठेवून तिचे पडदे शिवणे, हा अनेक घरांतील परिचित प्रघात होय. पुढे कापडावर रंगकाम करण्याचे छंदवर्ग शहरांत सुरू झाले आणि उशांचे अभ्रे, टेबलावरील आच्छादने, पडदे हे त्यांचे नेहमीचे विषय ठरले. या वर्गांत शिकलेल्या स्त्रियांनी किती वस्तू स्वतःच्या घरासाठी केल्या व किती विकल्या, विक्रीची किंमत ठरविताना वेळ धरला की केवळ साहित्य धरले, या प्रश्नांची उत्तरे मौखिक मुलाखतींतून मिळू शकतील. इतिहास, गृहविज्ञान व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावा असा हा विषय आहे. ज्या स्त्रियांकडे या आठवणी आहेत त्यांपैकी अनेक आज वृद्धापकाळात आहेत, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

निष्कर्ष

१. कापडावरील स्टेन्सिल रंगकाम अल्प साधनांत व अल्प प्रशिक्षणात करता येत असल्याने व्यावसायिक कारागिरीबाहेर पडून घरगुती क्षेत्रात रुजू शकले.

२. १८२० ते १८४० या काळातील त्याची स्वस्ताई छापील कापडाच्या महागाईवर आधारलेली होती. रुळछपाईमुळे ती महागाई ओसरताच या कलेचाही ऱ्हास झाला.

३. १९०१ ते १९१६ या काळात छापील कापड स्वस्त असतानाही स्टेन्सिल लोकप्रिय झाली. तिने कापडाची नव्हे, तर कलात्मक अभिरुचीची किंमत कमी केली.

४. कला व हस्तव्यवसाय चळवळीला श्रमांचे उचित मोल आणि सर्वांना परवडणारी कला यांचा मेळ घालता आला नाही. अमेरिकन गृहसजावटीने तो मेळ घातला, परंतु तो गृहिणीचे श्रम हिशेबाबाहेर ठेवून.

५. त्यामुळे कोणत्याही घरगुती उद्योगाचे ‘स्वस्त’ असे वर्णन आढळल्यास ते कशाच्या तुलनेत व कोणाच्या वेळेवर, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक ठरते.

खिडकीवरील पडदा बाहेरची नजर आत येऊ देत नाही. त्याच्या मागे चाललेले काम इतिहासाच्या नजरेलाही दीर्घकाळ दिसले नाही. ते नोंदविण्याची जबाबदारी आता अभ्यासकांवर आहे.